साडेसातची गोळी, पाचचा क्लास

चिखलोलीतल्या घरांचं घड्याळ शाळेवर चालत नाही, लोकलवर चालतं. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधलं हे गाव. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेबरोबर इथं स्वतःचं स्टेशन होऊ घातलंय, पण आजवर इथल्या माणसांनी नोकऱ्या केल्या त्या रिक्षाने अंबरनाथ नाहीतर बदलापूर गाठूनच. आई-वडील दोघंही सातच्या आत घराबाहेर. साडेसात-पावणेआठला शाळेची व्हॅन. मूल दुपारी दीड-दोनला घरी, पाच ते सात क्लास, आणि आई-बाबा दारात चपला काढतात तेव्हा आठ वाजून गेलेले असतात. अशा घरात एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलपणाच्या विकाराची, गोळी सुरू होते तेव्हा खरी अडचण वेळेची होते, कारण हे औषध तासांवर चालतं. ते पोटात गेल्यावर मेंदूत कधी पोचतं, किती टिकतं, उतरताना काय करतं, हे गोळी हातावर ठेवणाऱ्या माणसाला ठाऊक नसेल तर नेमकं लिहून दिलेलं औषधही वाया जातं. नाव मात्र औषधाचं खराब होतं.

मी डॉक्टर नाही. काउंटरमागे उभं राहून ज्याची वर्षं गेली असा फार्मासिस्ट आहे. औषध कोणतं, डोस किती, मुळात द्यायचं की नाही, हे मानसोपचारतज्ज्ञांनी किंवा मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी ठरवायचं. पण दवाखान्यात जे विचारायचं राहून जातं ते लोक मेडिकलमध्ये विचारतात. एका बाईंनी पाकीट उलटंपालटं केलं, मागची बारीक अक्षरं डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि आवाज खाली आणून विचारलं, "दादा, ही झोपेची तर नाही ना? वर्गात पेंगला तर बाई पुन्हा डायरीत लिहून पाठवतील."

झोपेची नाही, उलट जागं ठेवणाऱ्या जातीची आहे. आपल्याकडे एडीएचडीसाठी दिलं जाणारं मुख्य औषध म्हणजे मिथाइलफेनिडेट, आणि ते उत्तेजक आहे. जो मुलगा आधीच एका जागी बसत नाही त्याला उत्तेजक कसं द्यायचं, हा प्रश्न कुणालाही पडेल. याचं उत्तर सापडलंही अपघातानेच. १९३७ साली अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यातल्या मुलांच्या एका रुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली नावाचे डॉक्टर होते. मेंदूच्या एका तपासणीनंतर मुलांचं डोकं भयंकर दुखायचं, म्हणून त्यांनी बेंझेड्रिन हे उत्तेजक देऊन पाहिलं. डोकेदुखीवर त्याचा फारसा उपयोग झाला नाही, पण मुलांचं अभ्यासात लक्ष लागू लागलं. मग त्यांनी ३० मुलांवर आठवडाभर ते वापरून पाहिलं. जवळपास निम्मी मुलं शाळेच्या कामात ठळकपणे सुधारली. मुलं त्यांना गणिताच्या गोळ्या म्हणू लागली. मिथाइलफेनिडेट त्यानंतरचं. १९४४मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत लेआंद्रो पानिझ्झोन या रसायनशास्त्रज्ञाने ते तयार केलं. बायकोचं लाडाचं नाव रीटा, त्यावरून औषधाचं नाव पडलं रिटालिन. टेनिस खेळायला जाण्याआधी ती ते घेत असे, असं सांगतात.

आता मेंदूत काय होतं ते पाहू. कपाळाच्या मागे मेंदूचा जो भाग आहे, त्याला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात. हातातलं काम डोक्यात धरून ठेवणं, तोंडात आलेला शब्द क्षणभर अडवणं, कंटाळवाण्या गोष्टीला सुरुवात करणं, आधी काय आणि नंतर काय हे लावणं, ही त्याची कामं. ती नीट चालायला डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही दोन रसायनं योग्य प्रमाणात लागतात. एक पेशी ती सोडते, पुढची पेशी संकेत घेते, आणि उरलेलं रसायन पहिली पेशी पुन्हा आत ओढून घेते. आत ओढायचं काम करणारी खास प्रथिनं असतात. मिथाइलफेनिडेट या प्रथिनांवर जाऊन बसतं आणि ओढण्याचा वेग कमी करतं. मेंदूने स्वतःच सोडलेलं रसायन त्यामुळे थोडा जास्त वेळ जागेवर राहतं.

हे नीट समजून घ्या, कारण बरेच गैरसमज इथूनच निघतात. गोळी बाहेरून डोपामिन ओतत नाही, आणि बुद्धीही वाढवत नाही. अमेरिकेच्या नोरा वोल्कोव यांनी मेंदूची चित्रं घेऊन यावर बरंच काम केलं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात निरोगी प्रौढांना मिथाइलफेनिडेट देऊन गणितं सोडवायला दिली, आणि ती सोडवण्याचे पैसेही ठेवले. गणित करताना त्यांच्या मेंदूत डोपामिन वाढलं आणि तेच गणित त्यांना जास्त रंजक वाटलं. नुसती चित्रं बघत बसले तेव्हा डोपामिनमध्ये तशी वाढ दिसली नाही. म्हणजे गोळीचा गुण दिसायला समोर काहीतरी काम असावं लागतं. गोळी घेऊन मूल मोबाइल घेऊन बसलं, तर ते तितक्याच मन लावून मोबाइल बघेल.

गर्दीच्या वेळी बदलापूरच्या फलाटावर घोषणा कानावर पडते, पण गाडी कोणत्या फलाटावर येणार ते कळत नाही. कर्ण्याचा आवाज मोठा केला म्हणून भागत नाही, भोवतीचा कलकलाटही कमी व्हावा लागतो. मेंदूच्या पुढच्या भागात ही दोन कामं वाटून घेतलेली आहेत. येल विद्यापीठाच्या एमी आर्नस्टन यांनी दाखवलं की नॉरॲड्रेनॅलिन कामाचा संकेत ठळक करतं आणि डोपामिन बिनकामाचे संकेत दाबतं. दोन्ही बेताची हवीत. कमी पडली तर लक्ष उडतं, जास्त झाली तरी तोच भाग काम करेनासा होतो. ताणाखाली आपलं डोकं चालत नाही तेव्हा हेच झालेलं असतं.

याचा घरात उपयोग असा. डोस जास्त झालेलं मूल दंगा करेलच असं नाही. ते गप्प होतं. चेहरा कोरा राहतो, खाली खेळायला जात नाही, विनोदाला हसत नाही, एकाच गोष्टीत अडकून बसतं. शाळेतून कौतुक येतं की आता किती शहाणा झाला. आजी म्हणते, घर शांत झालं. मला हे कौतुक धोक्याचं वाटतं. औषध बरोबर बसलेलं मूल मूलच राहतं, फक्त दप्तर कमी वेळा विसरतं. तुमचं मूल तुम्हाला त्याच्यासारखं वाटेनासं झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना सांगा. डोस कमी करून किंवा औषध बदलून हे बहुधा निस्तरतं.

"सवय लागेल का?" हा प्रश्न प्रत्येक घर विचारतं, आणि विचारावाच. वोल्कोव यांच्याच तपासण्यांत दिसलं की नेहमीच्या डोसात तोंडाने घेतलेलं मिथाइलफेनिडेट डोपामिन आत ओढणारी निम्म्याहून जास्त प्रथिनं अडवतं. आकडा मोठा आहे. पण त्याला तासाभराहून जास्त वेळ लागतो, ते हळू चढतं आणि हळू उतरतं. नशा येते ती डोपामिन सेकंदांत, फार तर मिनिटांत उसळल्याने. तोंडाने घेतलेल्या गोळीत ती उसळी नसते. गोळी कुटून नाकाने ओढली तर हाच हळूपणा जातो आणि तीच वस्तू नशेची होते. घरात कॉलेजात जाणारं कुणी असेल तर हे वाक्य त्याच्यासमोर मोठ्याने वाचा. लहानपणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ही औषधं घेतलेली मुलं मोठेपणी जास्त व्यसनी होतात का, हे अनेक अभ्यासांतून तपासलं गेलं आहे, आणि तसा वाढीव धोका आढळलेला नाही.

मूल कायमचं असंच राहणार का, हाही प्रश्न असतो. २००७मध्ये फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या मेंदूची चित्रं वर्षानुवर्षं घेऊन दाखवलं की एडीएचडी असलेल्या मुलांत मेंदूच्या बाहेरच्या थराची वाढ त्याच क्रमाने होते, पण सरासरी तीनेक वर्षं उशिरा, आणि सर्वांत जास्त उशीर कपाळामागच्या भागात. म्हणून दहा वर्षांच्या मुलाकडून काही बाबतींत सात वर्षांच्या मुलाइतकीच अपेक्षा ठेवावी, हा माझ्या मते सर्वांत उपयोगी सल्ला आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत. काहींची लक्षणं वयाबरोबर कमी होतात, काहींची मोठेपणीही राहतात.

मिथाइलफेनिडेटखेरीज दुसरं औषध म्हणजे ॲटोमोक्सेटीन. ते उत्तेजक नाही. ते नॉरॲड्रेनॅलिन परत ओढणारं प्रथिन अडवतं, आणि मेंदूच्या पुढच्या भागात डोपामिन परत ओढायचं कामही बऱ्याच अंशी तेच प्रथिन करत असल्याने तिथं दोन्ही वाढतात. चटक लागण्याशी संबंध असलेल्या केंद्रात मात्र डोपामिन वाढत नाही, म्हणून याची नशा नाही. पण घाई असणाऱ्यांचं हे औषध नव्हे. चांगला गुण यायला चार-सहा आठवडे, कधी जास्तही लागतात. "पंधरा दिवस दिलं, काही फरक नाही, बंद केलं" हे मी याच औषधाबद्दल सर्वांत जास्त ऐकलंय. क्लोनिडिन हे मुळात रक्तदाबाचं औषध. ते मेंदूच्या पुढच्या भागातल्या पेशींवरच्या ठरावीक रिसेप्टरवर काम करतं आणि काही मुलांना रात्री दिलं जातं. ते एकाएकी थांबवायचं नाही. अचानक तोडलं तर रक्तदाब उसळतो.

आता घड्याळाकडे येऊ. साधं मिथाइलफेनिडेट अर्ध्या-पाऊण तासात लागू पडतं आणि तीन-चार तास टिकतं. सावकाश सुटणारं, म्हणजे लाँग ॲक्टिंग, कंपनीप्रमाणे आठ ते बारा तास. साडेसातला साधी गोळी दिली तर मोठ्या सुट्टीनंतरच्या तासाला ती उतरणीला लागलेली असते, आणि पाचच्या क्लासला तिचा मागमूसही नसतो. क्लासचे सर म्हणतात गोळीचा काही उपयोग नाही, शाळेतल्या बाई म्हणतात खूप फरक पडलाय. दोघंही खरं बोलत असतात. घरात भांडण होण्याआधी गोळीची वेळ आणि क्लासची वेळ एका कागदावर शेजारी शेजारी लिहा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. कधी ते दुपारची दुसरी गोळी देतात, कधी लाँग ॲक्टिंग. दुपारची गोळी शाळेत कोण देणार, हा प्रश्न आपल्याकडच्या बहुतेक शाळांत अडतो, तेव्हा ही अडचणही आधीच सांगा. कधी क्लासच चार वाजता आणणं किंवा बंद करणं जास्त शहाणपणाचं असतं. आमच्या भागात पहिलीपासून क्लास लावायची जी रीत पडली आहे तिच्याबद्दल बोलायला गेलो तर हा लेख संपणार नाही.

गोळी उतरताना तासभर काही मुलं जास्तच चिडतात, रडतात, भावाला ढकलतात. हा औषध उतरण्याचा परिणाम असतो. नेमक्या त्याच वेळी घरी फक्त आजी असते. तिला आधी सांगून ठेवा की दुपारी ठरावीक वेळी असं होऊ शकतं, तेव्हा अभ्यासाचा विषय काढू नका, खायला द्या, खाली सायकल चालवू द्या. रोज आणि फार होत असेल तर डॉक्टर वेळा बदलून देतात.

गोळी देणारा माणूस एकच असावा. सकाळच्या गडबडीत आईने निघताना दिली आणि आजीने व्हॅन येण्याआधी पुन्हा दिली, असं होतं. भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखेला खूण करायची आणि खूण नसेल तरच गोळी द्यायची, ही सोपी पद्धत आहे. वडील कंपनीत शिफ्टला असतील तर शिफ्ट बदलली तरी गोळीची वेळ बदलू नये. सकाळची विसरली आणि दुपारी आठवण झाली तर त्या दिवशी जाऊ द्या, नाहीतर रात्री बारापर्यंत मूल टक्क जागं. दुसऱ्या दिवशी दोन देऊन भरपाई करायची नाही. लाँग ॲक्टिंग गोळी कुटायची, चावायची किंवा अर्धी करायची नाही. दिवसभराचा डोस एकदम सुटतो.

भूक हा सर्वांत मोठा घरगुती प्रश्न. औषधाच्या तासांत भूक मरते. डबा उघडून पाहिला तर एक घास खाल्लेला, पोळीच्या कडा वाळलेल्या. ओरडून उपयोग नसतो, त्याला खरोखरच भूक लागलेली नसते. म्हणून नाश्ता आधी, गोळी नंतर. आणि नाश्ता म्हणजे चहा-बिस्किट नव्हे. थालीपीठ-लोणी, अंडं, शेंगदाण्याची चटणी लावलेली पोळी, जे जाईल ते, पण पोटभर. डब्यात थोडंच द्या, दोन घासांत संपेल असं. खरी भूक संध्याकाळी सात-आठला येते, तेव्हा जेवण तयार असू द्या आणि झोपण्याआधी दूध किंवा आणखी काही. आई-बाबा साडेआठला आल्यावर कुकर लागणार असेल तर या मुलाचं जेवण आजीच्या हातून आधी होऊ द्या. सगळ्यांनी एकत्र जेवायचा हट्ट काही वर्षं बाजूला ठेवला तरी चालेल.

दर तीन-चार महिन्यांनी उंची आणि वजन मोजून लिहून ठेवा, नाडी आणि रक्तदाबही. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत औषध नव्याने सुरू केलेली मुलं तीन वर्षांनंतर औषध न घेतलेल्या मुलांपेक्षा सरासरी सुमारे २ सेंटिमीटरने बुटकी आणि २.७ किलोने हलकी आढळली. घाबरून औषध तोडण्यासारखं हे नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही.

याच पाहणीची मूळ गोष्ट पालकांनी ऐकावी अशी आहे. १९९९ साली तिचे पहिले निष्कर्ष आले. सात ते नऊ वर्षांची ५७९ मुलं चार गटांत वाटली आणि चौदा महिने उपचार केले. लक्ष आणि चंचलपणा यांवर नुसत्या वर्तनोपचारापेक्षा काळजीपूर्वक दिलेलं औषध सरस ठरलं. दोन्ही मिळाले त्या मुलांना कमी डोस पुरला. पण चौथा गट नेहमीप्रमाणे आपापल्या डॉक्टरांकडे गेला होता. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश मुलांनाही औषध मिळत होतंच, तरी ती मागे राहिली. औषध त्याच जातीचं, फरक हाताळणीचा. पाहणीतल्या गटाची दर महिन्याला भेट होई, शिक्षकांकडून माहिती घेतली जाई, डोस नीट बसवला जाई. तीन वर्षांनी, ही देखरेख संपल्यावर, चारही गटांतला फरक पुसला गेला. म्हणून "गोळी लिहून दिलीय, सहा महिन्यांनी या" एवढ्यावर समाधान मानू नका. पहिले दोन-तीन महिने तरी लवकर लवकर भेटीची तारीख मागून घ्या, आणि जाताना शाळेच्या बाईंकडून चार ओळी लिहून न्या.

दुकानातल्या गोष्टी थोडक्यात. मिथाइलफेनिडेट हे शेड्यूल एक्समधलं औषध आहे. त्यासाठी दुकानाला वेगळा परवाना लागतो, साठा कुलपात ठेवावा लागतो, डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक प्रत दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो. म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने नाही म्हटलं तर तो अडवणूक करत नसतो. चिखलोलीतून अंबरनाथ, उल्हासनगर किंवा कल्याणला जायची तयारी ठेवा आणि आधी फोन करा. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीतही हे नाव आहे. शेजारच्या मुलालाही तसंच आहे म्हणून चार गोळ्या देणं हा गुन्हा ठरतो, मदत नव्हे. पावसाळ्याआधी पुढची चिठ्ठी वेळेत घेऊन ठेवा. जुलै २०१९मध्ये बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तसे दोन-तीन दिवस कधीही येतात.

पावसाळ्यात सर्दी-खोकलाही येतो. सर्दीच्या अनेक सिरपांत फेनिलेफ्रिन असतं, तेही रक्तदाब वाढवतं. दुकानात "काहीतरी सर्दीचं द्या" म्हणताना मूल कोणतं औषध घेतंय ते सांगा. दम्याचा पंप, फिटची औषधं, नैराश्याच्या गोळ्या, हे सगळं ती लिहून देणाऱ्या आणि एडीएचडीच्या, अशा दोन्ही डॉक्टरांना माहीत असायला हवं. कॅन आणि बाटल्यांतली एनर्जी ड्रिंक्स तर पूर्ण बंद.

दहावी-बारावी, नीट, जेईईच्या मुलांसाठी "अभ्यासाची गोळी" मागायलाही लोक येतात. कोणताही निदान झालेला आजार नाही, फक्त परीक्षा जवळ आलीय. २०२३मध्ये मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी ४० निरोगी तरुणांवर प्रयोग केला. मिथाइलफेनिडेटसह तीन औषधं वेगवेगळ्या वेळी देऊन त्यांना अवघड कोडी घातली. गोळी घेतल्यावर त्यांनी वेळ जास्त लावला, हातपाय जास्त मारले, आणि उत्तरांचा दर्जा मात्र घसरला. मेहनत केल्यासारखं वाटतं, एवढंच पदरात पडतं. शिवाय झोप जाते, आणि वाचलेलं पक्कं होतं ते झोपेतच.

औषध सुरू होण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी न विचारता सांगा. घरात कुणाचा कमी वयात अचानक हृदयाने मृत्यू झालाय का, मुलाला खेळताना चक्कर येते किंवा छातीत धडधडतं का, आणि फिट किंवा मान-डोळे झटकण्याची सवय आहे का. सुरू झाल्यावर छातीत दुखलं, मूल बेशुद्ध पडलं, नसलेलं दिसू-ऐकू लागलं, मरण्याच्या गोष्टी बोलू लागलं, किंवा ॲटोमोक्सेटीनवर असताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि निदान घाईने झालेलं नाही ना, ते पाहा. लक्षणं बारा वर्षांच्या आतली असावी लागतात, निदान सहा महिने टिकलेली, आणि घरी व शाळेत अशी दोन्हीकडे दिसणारी. नुसत्या गणिताच्या तासाला होत असेल तर कारण गणितात किंवा गणिताच्या सरांत असू शकतं. कान, डोळे, रात्री घोरणं, रक्त कमी असणं हे आधी तपासून घ्यावं. सहा वर्षांच्या आतल्या मुलाला आधी पालकांच्या प्रशिक्षणाचा मार्ग असतो, औषध नंतर. मुलींकडे विशेष लक्ष द्या. त्या दंगा करत नाहीत, खिडकीबाहेर बघत बसतात, आणि दहावीपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

कुठं जायचं? जवळचं मोठं सरकारी ठिकाण म्हणजे उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय. मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या दिवशी बसतात याची चौकशी करून जा. ठाण्यात १९०१पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्याच्या नावाला बिचकून लोक तिकडे जात नाहीत, पण बाह्यरुग्ण विभागात दाखवून संध्याकाळी घरी यायचं असतं. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. मध्य रेल्वेवरच पुढे गेलात तर शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय. लक्षाबरोबर वाचन-लेखनाचीही अडचण असेल तर तिथल्या अध्ययन-अक्षमतेच्या क्लिनिकचा उपयोग होतो, कारण २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन-अक्षमता आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. परीक्षेतल्या सवलतींचं काम बहुधा अध्ययन-अक्षमतेच्या दाखल्यावर होतं. लगेच कुणाशी बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो, आणि मराठीत बोलता येतं.

रविवारी आणि सुट्टीत गोळी द्यायची का, हे औषधावर ठरतं. मिथाइलफेनिडेटला डॉक्टर कधी कधी सुट्टी देतात, विशेषतः भूक आणि वजन मागे पडलं असेल तर. ॲटोमोक्सेटीन रोज लागतं. क्लोनिडिनबद्दल वर सांगितलंच. वर्षातून एकदा, मूल बरं चाललेलं असताना, औषध अजून लागतंय का हे बघायला डॉक्टरांच्या सांगण्याने काही दिवस थांबवून पाहता येतं. त्यासाठी जूनमधले शाळेचे पहिले आठवडे धरू नका, परीक्षेचा महिना धरू नका, मे महिन्याची सुट्टी तर मुळीच नको, कारण गावाला आंब्याखाली लक्ष न लागण्याचा कुणालाच त्रास होत नाही. दिवाळीची सुट्टी संपून शाळा रुळावर आली की नोव्हेंबर-डिसेंबरातला एखादा साधा आठवडा निवडा. शाळेच्या बाईंना औषध थांबवल्याचं सांगू नका, फक्त आठवडा संपल्यावर तो कसा गेला ते विचारा.